पिंजऱ्यापलीकडची साखळी

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत बिबट्याचा प्रश्न निघाला की चर्चा पिंजरा आणि बंदूक या दोन शब्दांपाशी येऊन थांबते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात लहान मुलांचे बळी गेले, मंचरजवळ लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला, आणि हे दोन्ही शब्द पुन्हा मोठ्याने उच्चारले गेले. ज्या घरातील मूल गेले त्या घराला कोणी संयमाचे पाठ देऊ नयेत. माणसावर चालून येणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे, याविषयीही दुमत नाही. परंतु हा प्राणी गावाच्या वेशीपर्यंत कोणत्या अन्नाच्या आशेने आला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारू लागले की एका अगदी क्षुद्र जीवाचा विचार करणे भाग पडते. तो जीव म्हणजे पट्टकृमी.

बहुतेक पट्टकृमींचे आयुष्य भक्षक आणि भक्ष्य यांत विभागलेले असते. मांसाहारी प्राण्याच्या आतड्यात कृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर व पाण्यात पडतात. चरणाऱ्या प्राण्याच्या पोटात ती गेली की त्यांतून निघालेली अळी यकृतात किंवा स्नायूंत पाणीदार गाठ करून राहते. त्या प्राण्याची शिकार झाली की चक्र पूर्ण होते. शिकार झालीच नाही तर कृमीचा वंश खुंटतो. जंगलात वाघ-बिबट्यांसारखी मोठी मार्जारे आणि हरीण, रानडुक्कर यांसारखी त्यांची भक्ष्ये यांच्यामध्ये अशी चक्रे शतकानुशतके चालत आली आहेत. त्यांची झळ गावाला सहसा लागत नव्हती, कारण अरण्याचा व्यवहार अरण्यातच मिटत होता.

हा हिशेब बदलला तो पाण्याने. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे या धरणांचे पाणी शिवारात खेळू लागले आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांनी या भागात समृद्धी आणली, हे निर्विवाद आहे. तथापि बारा ते अठरा महिने उभा राहणारा ऊस हे बिबट्याच्या मादीला पिले वाढवण्यास हवे तसे रान ठरले. या रानात हरणे नाहीत. मग बिबट्या जगतो कशावर? लगतच्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात याचे उत्तर मिळते. तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या मानाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता. उसातला बिबट्या हा मुख्यतः कुत्र्यांवर पोसलेला प्राणी आहे.

आणि कुत्री कशावर पोसली जातात? गावच्या यात्रेत शेताच्या बांधावर बोकड कापला जातो आणि आतडी, फुप्फुस, गाठ आलेले काळीज तेथेच फेकले जाते. आठवडे बाजारात खाटकाच्या मागे कुत्र्यांचा घोळका बसलेला असतो. कोंबड्यांच्या शेडमधील मेलेले पक्षी ओढ्यात टाकले जातात. मेंढपाळाच्या वाड्यावर दगावलेली मेंढी राखणीच्या कुत्र्यांपुढे जाते. या फुकटच्या अन्नावर कुत्र्यांची संख्या वाढते, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो.

याच उकिरड्यावर दुसरी साखळी जुळते. एकायनोकॉकस नावाचा, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात हजारोंच्या संख्येने राहू शकतो. त्याची अंडी शेळ्यामेंढ्यांच्या पोटात गेली की काळजात आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. ते काळीज कच्चे खाणाऱ्या कुत्र्यात साधारण सहा-सात आठवड्यांत नवी अंडी तयार होऊ लागतात. कुत्र्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातावरून किंवा न धुतलेल्या भाजीवरून तीच अंडी माणसाच्या पोटात जातात. माणसाच्या यकृतातील हायडॅटिडची गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेपर्यंत नेते. येथे बिबट्याला आरोपी करण्याचे कारण नाही. कुत्रा बिबट्याच्या पोटात गेला की त्याच्या आतड्यातील प्रौढ कृमी सामान्यतः पचून जातो. माणसापर्यंत येणारी साखळी कुत्रा आणि शेळीमेंढी यांच्यात फिरते, आणि तिला रोज नवे इंधन गावच पुरवते.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात त्याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आतडी पुरण्यासाठी खड्डा खणण्याचा खर्च खाटीक वाचवतो. तो खर्च नाहीसा होत नाही, केवळ दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. बिबट्याने शेळी मारली तर वनखाते नुकसानभरपाई देते. कृमीने खंगलेल्या शेळीची भरपाई कोणीही देत नाही, आणि शेतमजुराच्या पोटातील गाठीचा खर्च तर कोणत्याच खात्याच्या वहीत येत नाही. बिबट्या वनखात्याचा, शेळी पशुसंवर्धनाची, रुग्ण आरोग्यखात्याचा आणि उकिरडा ग्रामपंचायतीचा, अशी ही वाटणी आहे. साखळी मात्र एकच आहे.

वरचा दुवा काढल्याने साखळी तुटत नाही, याचा अनुभव जुन्नरला आलेला आहे. २००१ नंतर या भागातील अनेक बिबटे पकडून दूर सोडण्यात आले. त्यानंतर हल्ले घटण्याऐवजी वाढले, असे अथ्रेया यांच्याच दुसऱ्या अभ्यासात दिसून आले. उलट खालचा दुवा तोडणाऱ्यांना यश मिळाले आहे. एकोणिसाव्या शतकात हायडॅटिडने पोखरलेल्या आइसलंडमध्ये हॅराल्ड क्राबे या संशोधकाने लोकांना समजेल अशी पुस्तिका लिहिली. पुढे कुत्र्यांवर नियंत्रण आणि रोगट अवयव नष्ट करणे यांचे कायदे झाले, आणि तो देश या रोगातून मुक्त झाला. न्यूझीलंडने १९५९ मध्ये कायदा केला आणि २००२ मध्ये रोगमुक्तीची घोषणा केली. आपल्याकडेही नारूचे उदाहरण आहे. लस नव्हती, कृमीवर औषध नव्हते. पाणी गाळणे आणि पायविहिरी बंद करणे या साध्या उपायांनी भारत २००० साली नारूमुक्त ठरला.

येथे करावयाचे कामही तितकेच साधे आहे. प्रत्येक बाजारगावी आणि यात्रेच्या ठिकाणी झाकणाचा खोल खड्डा असावा. कुत्र्याला द्यायचेच असेल तर काळीज-आतडी अर्धा तास उकळून द्यावीत. पाळीव आणि राखणीच्या कुत्र्यांना वर्षातून किमान चार वेळा प्राझिक्वांटेलची मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्याने द्यावी. आणि मृत बिबट्यांच्या शवविच्छेदनात आढळणाऱ्या कृमींची माहिती वनखात्याने आरोग्य व पशुसंवर्धन या खात्यांना नियमितपणे कळवावी.

कुत्री कमी झाली तर बिबट्या शेळ्यांवर, प्रसंगी माणसांवर उलटेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. म्हणूनच कुत्र्यांची सरसकट कत्तल हा मार्ग नव्हे. निर्बीजीकरण आणि उकिरड्याची शिस्त यांनी ही संख्या सावकाश उतरली पाहिजे, आणि त्याआधी प्रत्येक वस्तीवर शेळ्यांना पक्का, बंदिस्त गोठा मिळाला पाहिजे. या गोठ्यांवर होणारा खर्च हे अनुदान नसून बचत आहे.

पिंजरा लावणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याने चोख करावे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी बांधावर काय पडले आहे, हे पाहण्यासाठी मात्र सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. जे गाव ते पाहील, त्याच्या वेशीवरून कृमी हटेल, आणि पुढेमागे बिबट्यालाही तेथे येण्याचे कारण उरणार नाही.