नियम कारखान्याच्या दारात हवा

पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : 'कायदे करून काही होत नाही, लोकांची मानसिकता बदलली पाहिजे.' सभेतला प्रमुख पाहुणा हे म्हणतो, वर्तमानपत्रातला पत्रलेखक म्हणतो, आणि कायदे करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे ते मंत्री आणि अधिकारीही म्हणतात. महाराष्ट्रात २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान सुरू आहे, त्यात शपथांना मोठे स्थान मिळाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केवडियाला 'मिशन लाइफ'ची सुरुवात झाली, त्याचाही भर व्यक्तीच्या सवयींवर होता. शपथ घेण्यात वाईट काही नाही. पण मानसिकतेची ही भाषा वरवर नम्र असली तरी तिच्यात जबाबदारी झटकलेली असते. वस्तू कशी बनवायची, कोणी विकायची, किती किमतीला विकायची हे ठरवणारे मोकळे सुटतात आणि ती वस्तू शेवटी ज्याच्या हातात पडते त्याच्या सदसद्विवेकावर सगळा भार येतो. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. पर्यावरणाला धरून जगणे मोठ्या प्रमाणावर घडवायचे असेल, तर सरकारी नियम आणि सवलती यांच्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही. मात्र वस्तू जिथे बनते आणि विकली जाते तिथे नियम लागला पाहिजे, आणि असंख्य लोक रोज जे करतात त्याला सवलत मिळाली पाहिजे. हे जिथे झाले तिथे यश आले. जिथे नियम गिऱ्हाइकाची पिशवी तपासत बसला तिथे तो फसला, आणि त्याचे खापर मात्र मानसिकतेवर फुटले.

शिशाच्या पेट्रोलचे काय झाले ते आठवावे. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत. धुरातून ते शिसे हवेत जाई, लहान मुलांच्या रक्तात उतरे आणि मेंदूच्या वाढीला अपाय करी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकायचे असे ठरले. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी प्रक्रिया बदलल्या. पंपावर आलेल्या स्कूटरवाल्याला काहीच करावे लागले नाही, कोणी त्याचे प्रबोधन केले नाही, आणि तरीही त्याच्या धुरातले शिसे गेले. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहाचे इंधन आले तेव्हा पेट्रोल-डिझेलमधले गंधक दर दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर उतरले, तेही असेच. घरातल्या दिव्यांची गोष्टही वेगळी नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत सरकारी कंपनीने एलईडी बल्बची घाऊक खरेदी केली. २०१४ मध्ये साधारण ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोनेक वर्षांत खरेदीला ३८ रुपयांवर आला. अनुदानाचा एक पैसाही न देता केवळ मागणी एकत्र केल्याने हे घडले. या योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, बाजारातली किंमतही पडली, आणि पिवळा बल्ब बहुतेक घरांतून हद्दपार झाला. लोकांची मानसिकता दोन वर्षांत बदलली म्हणून हे घडले असे कोणी म्हणणार नाही. दुकानात मांडलेली वस्तू आणि तिची किंमत बदलली होती.

फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या ताऱ्यांच्या पट्ट्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही, पण माझ्या मते आपल्याकडच्या उत्तम नियमांपैकी तो एक आहे. अर्धवर्तुळात एक ते पाच तारे असतात आणि त्यांच्याबरोबर वर्षाला किती युनिट वीज लागेल तो आकडा आणि ते मानांकन कोणत्या काळापुरते लागू आहे याची नोंद असते. २००६ मध्ये ही पद्धत ऐच्छिक म्हणून आली आणि २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, एसी यांना सक्तीची झाली. तिचे खरे बळ त्या काळाच्या नोंदीत आहे. निकष ठरावीक काळाने कडक होतात. जुलै २०२२ मध्ये ते बदलले तेव्हा आदल्या महिन्यापर्यंत पाच ताऱ्यांचा असलेला एसी चार ताऱ्यांवर आला. कंपनीला आपला तारा टिकवायचा तर यंत्रच सुधारावे लागते. जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू होताच २४ अंशांवर लागावा असा नियमही झाला. रिमोटचे बटण दाबून कोणीही तापमान खाली नेऊ शकतो, त्याचे स्वातंत्र्य कोणी काढून घेतलेले नाही. फक्त काहीच न करणारा माणूस आता आपोआप कमी वीज वापरतो.

आता विरोधकांच्या हातातला हुकमी पुरावा : महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी. मार्च २०१८ मध्ये अधिसूचना निघाली, २३ जूनपासून अंमल सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांची कैद. सुरुवातीला बाजारात पथके फिरली, कापडी पिशव्या कपाटातून बाहेर आल्या, आणि मग नव्याचे नऊ दिवस संपले. भाजीच्या गाडीवर आज नजर टाकली तर वजनकाट्याखाली पातळ पिशव्यांची चळत दडवलेली दिसते. भाजीवाली आधी 'पिशवी आणली का?' असे विचारते, नाही म्हटले की खालून एक ओढून देते. ती असे का करते हे समजून घेतले पाहिजे. ती पिशवी तिला काही पैशांना पडते, आणि दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाते. पाच हजारांचा दंड तिच्या दिवसभराच्या गल्ल्याहून मोठा. त्यामुळे निरीक्षक एकतर तिची दया करतो नाहीतर तिच्याकडून काही घेतो, आणि दोन्ही बाजूंनी नियम मरतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही अंमलबजावणी होती. उत्पादनावरही बंदी होतीच की, असे कोणी म्हणेल. होती. पण ती एका राज्यापुरती होती, शेजारच्या राज्यांतून माल येत राहिला, आणि पथकांचा जोर मंडईत दिसला तसा यंत्रांपाशी दिसला नाही. पुढे देशभरचा नियम आला, १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या १९ वस्तू बंद झाल्या आणि त्या वर्षाअखेरीपासून पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन असावी असे ठरले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिशवी ऐंशी मायक्रॉनची की एकशेवीसची हे भाजीवालीला किंवा गिऱ्हाइकाला चिमटीत धरून कसे कळणार? हा फरक मोजता येतो तो यंत्रातून फिल्म बाहेर पडते तिथे. गिऱ्हाईक कोट्यवधी आहेत, दुकाने लाखो आहेत, फिल्म काढणारी यंत्रे त्या मानाने मोजकी आहेत आणि त्यांना कच्चा माल पुरवणारे पेट्रोकेमिकल प्रकल्प तर बोटांवर मोजण्याइतके. निरीक्षकांची संख्या तुटपुंजी असताना त्यांना कुठे उभे करायचे, हे ठरवायला तज्ज्ञ समिती लागत नाही.

यातली सर्वांत मोठी खंत अशी की २०१८ च्या त्याच अधिसूचनेत चालण्याजोगी एक तरतूद होती. पेयांच्या बाटलीवर एक-दोन रुपयांची अनामत घ्यायची आणि बाटली परत आली की पैसे परत द्यायचे. काही आठवड्यांतच ती सौम्य झाली आणि पैसे परत देणारी व्यवस्था सर्वदूर उभी राहिलीच नाही. जून २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे अनामत घेण्याची घोषणा विधिमंडळात केली. राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात आणि त्यातून ३१ टन प्लास्टिक तयार होते, असे त्यांनी सांगितले होते. तीही घोषणा दारोदारी पोचली नाही. दुधाच्या पिशवीइतकी सोपी वस्तू शोधून सापडणार नाही. तिच्यावर डेअरीचे नाव छापलेले असते, रोज किती पिशव्या बाहेर पडल्या याची नोंद डेअरीकडे असते, आणि जी गाडी पहाटे दूध टाकायला येते ती रिकामीच परत जाते. अनामत आपल्या लोकांत चालणार नाही, या शंकेला तमिळनाडूतल्या नीलगिरीने उत्तर दिले आहे. जंगलात फेकलेल्या दारूच्या बाटल्यांच्या काचा हत्तींच्या पायांत घुसत होत्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दारू दुकानांनी बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन परतीला ते देणे सुरू केले, आणि बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. ज्याने प्यायली त्याने नाही आणली तरी दुसरा कोणी दहा रुपयांसाठी उचलून आणतो. गोव्याने २०२४ मध्ये वेष्टनांसाठी अनामत योजना अधिसूचित केली. तिला उद्योगांचा विरोध झाला, तो अपेक्षितच होता.

सक्ती म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला, हा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण स्वातंत्र्य कोणाचे, हे पाहायला हवे. शिसे मिसळण्याचे कारखान्याचे स्वातंत्र्य म्हणजे मुलांवर शिसे श्वासात घेण्याची सक्ती होती. शिवाय उत्तम नियम पर्याय हिरावून घेत नाही, त्या पर्यायाची खरी किंमत दाखवतो. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्लास्टिकच्या पिशवीवर १५ सेंट कर लावला, बंदी घातली नाही. माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्यांवरून वापर २१ वर आला. ज्याला पिशवी हवी होती त्याला ती मिळत होती, पण ती फुकट आहे हा भ्रम संपला होता.

गरिबांवर बोजा पडतो, हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, कारण सध्याच्या सवलतींकडे पाहिले तर तो बराचसा खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉटच्या सौरसंचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. योजना चांगलीच आहे. पण तिचा लाभ घ्यायला आधी स्वतःचे छप्पर लागते आणि अनुदानापलीकडची रक्कम उभी करण्याची ऐपत लागते. भाडेकरूला, चाळीतल्या कुटुंबाला, वीस मजली इमारतीतल्या सातव्या मजल्यावरच्या माणसाला त्यात फारशी जागा नाही. २०२५ च्या वसंतात मुंबईत घडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एप्रिलअखेरीस राज्याने नवे इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केले, त्यात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बेस्टच्या बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. बेस्ट महापालिकेची आहे, धोरण राज्याचे आहे, हे मला ठाऊक आहे. पण हवेला खाती कळत नाहीत. बसने जाणारा माणूस इलेक्ट्रिक मोटारीतल्या माणसापेक्षा कमी जागा घेतो, कमी ऊर्जा खर्च करतो, आणि तो हे कोणतीही शपथ न घेता वर्षानुवर्षे करत आला आहे. त्याच्याकडून दुप्पट भाडे आणि मोटारवाल्याला माफी, याला पर्यावरणाचे प्रोत्साहन म्हणता येत नाही. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे आठावरून पाचावर आणले होते, तेव्हा प्रवासी लाखांनी वाढले होते. सवलत कुठे द्यावी याचा धडा आपल्याच शहराने दिला होता. तेव्हा गरिबांवरचा बोजा हे सवलती बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. तो दिशा बदलण्याचा मुद्दा आहे.

काही गोष्टी घरातच कराव्या लागतात, हे मान्य आहे. ओला-सुका कचरा कारखाना वेगळा करून देणार नाही. पण तिथेही माणसाची सवय समोरच्या व्यवस्थेवर उभी असते. पुण्यात २००८ पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद दारावर येऊन कचरा घेतात. सुका माल विकून येणारे पैसे त्यांचे असल्याने वर्गीकरण नीट झाले नाही तर त्या तिथल्या तिथे सांगतात. एकदा वेगळा केलेला कचरा पुढे एकाच गाडीत कालवला जाताना ज्याने पाहिला, त्याने पुन्हा दोन डबे का ठेवावेत? सवलतींची पद्धतही इथे सुधारायला हवी. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजलसंचय यांपैकी एक प्रकल्प असल्यास मिळकतकरात पाच टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास दहा टक्के सूट देते. कल्पना रास्त आहे, पण सूट बांधकामाला मिळते. खड्डा खणून दाखवला की काम झाले, तो पुढे गाळाने भरला तरी सूट चालू. चेन्नईत २००३ मध्ये प्रत्येक इमारतीला पर्जन्यजलसंचय सक्तीचा झाला, भूजल वर आले, मग देखभालीकडे दुर्लक्ष होत गेले आणि २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे नळ कोरडे पडले. सूट दरवर्षीच्या तपासणीवर दिली पाहिजे. पाणी मुरते का, खत निघते का, हे पाहूनच.

भ्रष्टाचार वरच्या पातळीवरही होतोच, असे म्हणणाऱ्यांकडे उदाहरण आहे. प्लास्टिक उत्पादकांनी जेवढे प्लास्टिक बाजारात आणले तेवढे परत गोळा करावे किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घ्यावीत, असा नियम झाला, आणि २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे सापडली. पण ती सापडली, हे महत्त्वाचे आहे. कंपन्या मोजक्या होत्या, त्यांच्या यंत्रांची क्षमता माहीत होती, क्षमतेपेक्षा जास्त प्रमाणपत्रे निघाली की खोटेपणा आकड्यांतच उघडा पडतो. लाखो भाजीच्या गाड्यांवर काय चालते याचा असा ताळेबंद कधीच मांडता येणार नाही.

आणि शेवटचा आक्षेप : जगाचे प्रदूषण श्रीमंत देशांनी केले, भारतीय माणसाचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, मग आपणच का सोसायचे? हवामानबदलाच्या वाटाघाटीत हा मुद्दा पूर्णपणे न्याय्य आहे आणि तो ठणकावून मांडलाच पाहिजे. पण २६ जुलै २००५ ला मुंबईचे नाले तुंबले तेव्हा त्यांत अडकलेल्या पिशव्या कोणा परदेशातून आल्या नव्हत्या. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचा धूर गोवंडीच्या मुलांच्या छातीत जातो, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरींत पुण्याच्या कचऱ्याचे पाणी झिरपले. या प्रश्नांना जागतिक वाटाघाटींची वाट पाहण्याचे कारण नाही. दुधाच्या पिशवीवरची अनामत राज्य सरकारला एका अधिसूचनेने लागू करता येते, पिशव्यांची जाडी कारखान्यात जाऊन मोजता येते, बसचे भाडे पुढच्या अंदाजपत्रकात कमी करता येते. यातल्या कोणत्याही कामासाठी नागरिकाची शपथ लागत नाही, मंत्र्याची सही लागते.