कोंबडीचे औषध आणि घरातले दुखणे



मागच्या आठवड्यात एका वस्तीवर गेलो होतो. पिलांना पांढरी हगवण लागली म्हणून घरच्या बाईंनी पाण्यात औषधाची पुडी टाकली होती. "दोन दिवसांत पिलं हिंडू लागली, मग बंद केलं. उरलेलं वासराला पाजलं. चुकलं का हो साहेब काही?"

चुकले. पण ही चूक घरोघर होते. मीही पूर्वी तिच्याकडे कानाडोळा केला आहे.

जनावराच्या आणि माणसाच्या आतड्यात अगणित जंतू राहतात. बहुतेक निरुपद्रवी, काही तर पचनाला मदत करणारे. प्रतिजैविक औषध दिले की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. तेच ते कीटकनाशक मारून कापसावरची बोंडअळी दाद देईनाशी झाली, तसेच हे. शिवाय जंतू हा चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. शेजाऱ्याला बियाणे द्यावे तसा.

कोलिस्टिन हे औषध डॉक्टर अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. चीनमध्ये ते डुकरा-कोंबड्यांच्या खाद्यात घालत. 2015 साली तिथे डुकरांत, मांसात आणि दवाखान्यातील रोग्यांतही त्याला दाद न देणारे ई-कोलाय जंतू सापडले. चिवटपणा असा हातोहात पसरणारा होता. आपल्या सरकारने जुलै 2019 मध्ये कोंबड्या, मासे, दुभती जनावरे व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

एवढे पाळा:

1. गुरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रतिजैविक देऊ नका. सांगितली मात्रा सांगितले तितके दिवस द्या. उरलेले दुसऱ्या जनावराला नको, माणसाला तर नकोच.
2. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध, अंडी विकू नका, खाऊही नका.
3. खुराड्यातील भुसा कोरडा ठेवा, दाटी टाळा, लसी वेळेवर टोचा. वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा.
4. विष्ठा नीट कुजवूनच शेतात टाका. खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवा. मांस पुरते शिजवा.

निघताना बाईंच्या कडेवर नातू होता. मी एवढेच म्हणालो, "या पोराला उद्या मोठं दुखणं आलं, तर औषधाला गुण यायला हवा ना? म्हणून आज पुडी जपून वापरायची."