नवी रॅम, जुना संगणक : दोष विंडोजचा की जोडीचा?

संगणक मंदावला की घरातला किंवा कार्यालयातला जाणकार एकच सल्ला देतो, ‘रॅम वाढवून घे.’ सल्ला चुकीचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्याच वर्षाच्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सची मागणी वाढवली आणि रॅमचे भाव भडकले. अशा वेळी १६ जीबीची नवी जोडी घेण्यापेक्षा असलेल्या ८ जीबीशेजारी आणखी एक ८ जीबीची स्टिक बसवणे खिशाला परवडते. बहुतेक वेळा ते जमूनही जाते.

जमत नाही तेव्हा मात्र भलत्याचाच बळी जातो. ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडू लागतात, झिप फाइल ‘खराब आहे’ म्हणते, मधूनच निळी स्क्रीन येते. संगणक दुरुस्तीला नेला की निदान तयार असते : ‘विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट होतो, नवे विंडोज चढताना अर्ध्यात अडकते आणि मग निकाल लागतो, ‘बोर्ड गेला.’ या सगळ्यात चार दिवसांपूर्वी बसवलेल्या स्टिककडे कोणी पाहतच नाही. ग्राहकानेही ती गोष्ट सांगितलेली नसते, कारण ‘रॅम तर नवी आहे ना!’

दिसायला सारख्या, स्वभावाने वेगळ्या

डीडीआर३ ची स्टिक डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, कारण खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ चेही तेच. त्यामुळे ढोबळ चूक होत नाही. खरी गंमत एकाच पिढीच्या दोन स्टिकमध्ये आहे. एक २४०० ची, दुसरी ३२०० ची. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते. तिचा वेग, व्होल्टेज आणि प्रतिसादाला लागणारा वेळ यांची नोंद त्या चिपमध्ये असते. संगणक सुरू होताना मदरबोर्ड दोन्ही नोंदी वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग ठरवतो. म्हणजे ३२०० चे पैसे मोजलेली स्टिकही २४०० वरच चालते. यात बिघाड काही नाही, फक्त जास्तीच्या वेगाचे पैसे वाया जातात.

बिघाड होतो तो ही तडजोड काठावर होते तेव्हा. बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल, तर एका स्टिकसाठी बेतलेला जास्तीचा वेग दुसरीवरही लादला जाऊ शकतो. दोन्ही स्टिकवरच्या चिप्सची रचना वेगळी असते आणि मेमरी कंट्रोलरवरचा भार बदलतो. काही जुने बोर्ड नव्या, जास्त घनतेच्या चिप्स ओळखतच नाहीत. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची स्टिक घेतली तरी आतल्या चिप्स त्याच असतील याची खात्री नसते, कारण कंपन्या मधल्या काळात चिप्स बदलतात. जुळवलेली जोडी एकाच पाकिटात विकतात ती याचसाठी. स्टिक जितक्या जास्त तितका हा ताण वाढतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन डीडीआर५ स्टिकना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. कंपनीच इतकी सावध असेल, तर काउंटरवर ‘काही होत नाही, लावा बिनधास्त’ म्हणणाऱ्याचे ऐकायचे किती?

एका बिटाने एकचे नऊ

निळी स्क्रीन परवडली, निदान ती सांगते तरी. ८ जीबीच्या स्टिकमध्ये सुमारे ६,८७२ कोटी बिट असतात. त्यातला एखादा उलटला आणि तिथे काही महत्त्वाचे नसेल, तर कळतही नाही. पण साध्या मजकुराच्या फाइलमध्ये संगणक ‘१’ हा अंक ज्या आठ बिटांत लिहितो, त्यातला एकच विशिष्ट बिट उलटला की तिथे ‘९’ होतो. निळी स्क्रीन नाही, इशारा नाही. फाइल सेव्ह होते, तिचा बॅकअपही तसाच चुकीचा घेतला जातो. हिशेबाचे काम करणाऱ्या छोट्या कार्यालयात किंवा लग्नाचे फोटो साठवणाऱ्या स्टुडिओत हे घडले, तर चूक कुठून आली याचा पत्ता लागायला महिने जातात.

गुगलच्या सर्व्हरवरील मेमरीचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात सुमारे आठ टक्के स्टिकमध्ये चुका नोंदल्या गेल्या होत्या. त्या सर्व्हरमध्ये ईसीसी होते, म्हणून चुका मोजता तरी आल्या. घरगुती संगणकाला ही सोय बहुधा मिळतच नाही. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी २०२१ मध्ये यावरून इंटेलला जाहीरपणे धारेवर धरले होते, आणि त्यांचा राग रास्त होता. डीडीआर५ मध्ये चिपच्या पोटातच काही चुका सुधारण्याची व्यवस्था आली आहे, पण चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर होणाऱ्या चुका तिला दिसत नाहीत.

शोध घ्यायचा तर क्रमाने

फॉरमॅटच्या आधी करायचे काम फुकट आहे आणि घरी होते. आधी महत्त्वाच्या फाइलींची वेगळी प्रत घ्यावी, जुन्या बॅकअपवर नवी प्रत मात्र लिहू नये. मग संगणक बंद करून वायर काढावी, दोन्ही स्टिक काढून पुन्हा नीट, क्लिप बसेपर्यंत दाबाव्यात. दमट हवेत सोनेरी पट्टीवर मळ चढतो. दुकानात त्यावर खोडरबर फिरवतात. तो हलक्या हाताने आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये न पडू देता. मग बायोसमध्ये एक्सएमपी बंद करावे. अनेकांची गोष्ट इथेच संपते.

नाही संपली, तर मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करावा. विंडोजमधली मेमरी तपासणीही चालते, पण तिने ‘सर्व ठीक’ म्हटले म्हणून निर्धास्त होऊ नये. आधी फक्त जुनी स्टिक, मग त्याच स्लॉटमध्ये फक्त नवी, मग दोन्ही, अशा फेऱ्या रात्रभर चालू द्याव्यात. इथे ‘दोनच चुका आल्या, चालतंय’ असे काही नसते. उत्तीर्ण म्हणजे शून्य चुका.

निकाल वाचणे सोपे आहे. एकच स्टिक एकटीही नापास झाली, तर ती खराब. दोन्ही स्टिक एका स्लॉटमध्ये पास आणि दुसऱ्यात नापास झाल्या, तर संशय स्लॉटवर. एकेकटी प्रत्येक स्लॉटमध्ये पास होते आणि जोडीने नापास होते, तेव्हा दोष कुणाचाच नाही, जोडीचा आहे. मग बायोसमध्ये वेग एक पायरी खाली आणून पुन्हा तपासावे. बायोसच्या नव्या आवृत्तीनेही कधी कधी मेमरीची जुळणी सुधारते. मात्र ती चुका देणाऱ्या जोडीवर चढवू नये, पास झालेली एकच स्टिक ठेवून चढवावी. मध्येच संगणक अडकला, तर खरोखरच बोर्ड जाईल.

एवढे करूनही जोडी जमली नाही, तर नवी स्टिक परत द्यायची. भांडण सुरू होते ते इथे. ‘आमच्याकडे चालते’ असे सांगून दुकानदार ती परत करतो आणि तो खोटे बोलत नसतो; एकटी ती चालतेच. म्हणून ग्राहकाने स्टिक एकटी न नेता संगणकासह न्यावी आणि चाचणीच्या लाल ओळींचा फोटो काढून ठेवावा. त्याहून बरे म्हणजे जुनी स्टिक खिशात घालून खरेदीला जाणे, लेबलवरचा वेग आणि क्रमांक पडताळणे आणि जोडी न जमल्यास बदलून मिळेल असे बिलावर लिहून घेणे. अर्धा तास बसवून तपासून देणारा दुकानदार शंभर-दोनशे रुपये जास्त मागत असेल, तर द्यावेत. फॉरमॅटचे पैसे तर लोक मुकाट मोजतातच.