रणभूमीवर राहुटी आणि कुत्रे

दिल्लीस बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या घरी पहिल्याच हिवाळ्यात एक बेत ठरतो : पानिपत पाहून येण्याचा. रस्ता सुमारे ९० किलोमीटरांचा. सकाळी निघावे, काला आंबच्या स्तंभास हार घालावा, एक छायाचित्र घ्यावे आणि दुपारच्या जेवणास घरी परतावे. या रीतीला कोणी नावे ठेवीत नाही. परंतु एखाद्या कुटुंबाने राहुटी घेऊन त्या परिसरात रात्र काढली आणि घरचे कुत्रेही सोबत नेले, की आपल्या मंडळांतून कुजबूज सुरू होते. जेथे मराठ्यांची एक पिढी कापली गेली, तेथे ही सहल कसली, असा प्रश्न मोठ्या गांभीर्याने विचारला जातो. आम्हांस हा आक्षेप मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे स्पष्ट सांगणे अवश्य आहे.

आक्षेपकांच्या मनात रणभूमी म्हणजे देवघर. तेथे कुत्रे शिरले की विटाळ झाला. पण धर्माचाच न्याय लावावयाचा, तर पानिपतच्या उत्तरेस सुमारे ७० किलोमीटरांवर कुरुक्षेत्र आहे. तेथले युद्ध जिंकलेल्या धर्मराजाने अखेरच्या प्रवासात सोबत आलेल्या श्वानास टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे नाकारले. ही कथा बालपणी ऐकलेल्यांनी कुत्र्याच्या पावलांनी भूमी बाटते असे म्हणावे, याचे आम्हांस नवल वाटते.

खरा मुद्दा मात्र याहून वेगळा आहे. भाऊसाहेबांचा तळ केवळ शिपायांचा नव्हता. त्यात बायकामुले होती, तीर्थयात्रेस निघालेली माणसे होती, व्यापारी आणि बाजारबुणगे होते. आणि घोडे, उंट, हत्ती, तोफा ओढणारे बैल होते. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि भाऊ व दिल्ली यांच्या मध्ये तो येऊन बसला. पुढे सुमारे अडीच महिने तळ तेथेच अडकून पडला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची मोठी आशा मावळली. दाणावैरणीवाचून जनावरे मेली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य बाहेर पडले, ते उपाशी सैन्य होते. विश्वासरावांस गोळी लागली, भाऊ गर्दीत शिरले, हे आपणांस पाठ असते. परंतु लढाईचा निकाल पुष्कळसा वैरणीच्या गंजीत आणि धान्याच्या कोठारात आधीच लागत आला होता, हे हार घालणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

जो मनुष्य आपल्या मुक्या जनावरास घेऊन जानेवारीत त्या परिसरात रात्र काढतो, त्याला प्रथम त्याच्या अन्नपाण्याचा आणि उबेचा विचार करावा लागतो. राहुटीवर दंव साचते, धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, आणि कुत्रे पांघरुणात शिरून कुडकुडते. एका प्राण्यासाठी एका रात्रीची ही तजवीज. मग हजारो जनावरांची अडीच महिन्यांची तजवीज म्हणजे काय, हे घरातील मुलांना कोणी वेगळे सांगावे लागत नाही. हा धडा कोणत्याही भाषणात नसतो.

शिवाय कुत्र्यामुळे चालणे घडते, आणि रणभूमी चालल्यावाचून कळत नाही. काला आंबचे कुंपण म्हणजे पानिपत नव्हे. गव्हाच्या शेतांखाली आणि आजच्या वस्तीखाली कोसच्या कोस भूमी पसरली आहे. दिल्लीहून मोटारीने येणारा आपण अब्दालीच्या बाजूने येत आहोत हे जाणत नाही. शहराकडून दक्षिणेस पायी निघावे, म्हणजे मराठ्यांची तोंडे कोणत्या दिशेस होती आणि दिल्लीची वाट कोणी अडविली होती, हे पायांनाच समजते.

आमच्या वाचकांस एका माणसाचे स्मरण देतो. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण. परमुलखात चाकरी करणारा, म्हणजे आपल्याच जातकुळीचा. तो विरुद्ध पक्षाच्या तळावर होता. त्याने लढाई डोळ्यांनी पाहिली, प्रेते ओळखण्याच्या कामी साहाय्य केले आणि पुढे सारा वृत्तान्त फारसीत लिहून ठेवला. आज अभ्यासकांस त्या लिखाणावाचून पुढे जाता येत नाही. त्या भूमीचे ऋण पाहून आणि नोंदवून फेडता येते, हे त्याने दाखविले.

पावित्र्यभंग होत नाही असे नव्हे. शेतकऱ्यास न विचारता उभ्या पिकात गाडी घालणे, कचरा टाकून येणे, गाणी लावून मद्यपान करणे हा भंगच होय. आणि ज्या संरक्षित आवारात प्राणी नेण्यास मनाई असेल, तेथे हुद्द्याच्या जोरावर फाटक उघडावयास लावणे हा तर दुप्पट भंग. नियम राबविणाऱ्यांनी तो प्रथम पाळावा. अशा ठिकाणी कुत्र्यास घेऊन घरातील एकाने बाहेर थांबावे आणि आळीपाळीने आत जावे. ज्याच्या बांधावर राहुटी ठोकावयाची, त्याची परवानगी आधी घ्यावी.

परीक्षेत मुलगा नापास झाला तरी आपण 'पानिपत झाले' म्हणतो. शब्द इतका स्वस्त झाला आणि भूमी तेवढीच अपरिचित राहिली. तेव्हा ज्यांस पुढची बदली येण्यापूर्वी जावयाचे असेल, त्यांनी एक दिवस अधिक रजा काढावी, राहुटी घ्यावी, घरात कुत्रे असेल तर तेही न्यावे. आक्षेप घेणाऱ्यांनीही सोबत यावे. मात्र सकाळी चालावे लागेल.