पोरींची कॉमिक आणि आपली भीती

भाचीकडून घेऊन ‘किमी नि तोदोके’ या जपानी कॉमिकचे शेवटचे भाग वाचले. कारुहो शिइना यांची ही शाळेतली प्रेमकथा २००५ ते २०१७ चालली, ३० भाग!

‘तू आवडतोस’ म्हणायलाच यांना कितीतरी भाग लागतात. पण खरी गोष्ट नंतरच आहे. बारावीचं वर्ष येतं. सावाकोला शिक्षिका व्हायचंय, त्यासाठी गाव सोडावं लागणार, म्हणजे काझेहायापासून लांब. कुणी पळून जात नाही, कुणी कुणाला मारत नाही. बोलतात, रडतात, परीक्षा देतात.

आपल्याकडे? बोकिलांची ‘शाळा’ नववीत थांबते. ‘सैराट’चा शेवट माहीतच आहे. मधलं पोरांनी कुठून शिकायचं?

आपल्या चिंचपाड्याच्या पोरी नवापूर, नंदुरबार, सुरतेला शिकायला निघतात. एखादी कुणा पोराशी बोलताना दिसली की आधी मोबाईल जातो, मग कॉलेज. पोराचं मात्र काहीच जात नाही, बरं का. आणि वर ‘पुस्तकं वाचून बिघडली’ हे ऐकवणार!

शाळांनी कपाटांची कुलुपं काढून या वयाची पुस्तकं पोरांच्या हातात द्यावीत, हे मी पुढच्या पालकसभेत मांडणार आहे. कोण कोण येतंय सोबत?