जॅकेट देऊन निघून जाणारे आपण



नोव्हेंबर 2020 मधली एक रात्र. मध्य प्रदेशातल्या पोटनिवडणुकांची मतमोजणी आटोपली होती. आमच्या ग्वाल्हेरात दोन पोलीस उपअधीक्षक गाडीतून चालले होते. रस्त्याच्या कडेला त्यांना एक भिकारी थंडीने कुडकुडताना दिसला. त्यांनी गाडी थांबवली. एकाने बूट दिले, दुसऱ्याने जॅकेट दिले, आणि दोघे निघाले. इतक्यात त्या भिकाऱ्याने त्यांच्यातल्या एकाला नावाने हाक मारली.

तो त्यांचाच सोबती होता! 1999 च्या तुकडीतला पोलीस उपनिरीक्षक, अचूक नेमबाज म्हणून नावाजलेला. 2005 पर्यंत तो नोकरीत होता. मग मन आजारी पडले. घरच्यांनी उपचारांचे प्रयत्न केले, पण जिथे ठेवले तिथून तो पळून गेला आणि शेवटी रस्त्यावर आला. त्या रात्री मित्रांनी त्याला एका आश्रमात पोहोचवले आणि पुढच्या उपचारांची सोय लावली. ही बातमी देशभर गाजली.

सगळ्यांनी त्या दोघांचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट सांगताना आमच्या मनात एक काटा रुततो. त्याने हाक मारली नसती तर? बूट आणि जॅकेट देऊन तर झालेच होते. पाय गाडीकडे वळलेही होते. तो ओळखीचा निघाला म्हणून थांबणे झाले. अनोळखी असता तर एक जॅकेट अंगावर घेऊन त्याच फुटपाथवर राहिला असता, आणि देणाऱ्यांना शांत झोप लागली असती.

बंधुभगिनींनो, त्या अधिकाऱ्यांना आम्ही बोल लावत नाही. त्यांनी निदान गाडी थांबवली. आम्ही बोलतो आहोत ते आपल्याबद्दल. नाताळ जवळ आला की आपण ब्लँकेट वाटतो, फोटो काढतो, केक खातो. आणि रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकाशी दारूचा वास येणारा माणूस पडलेला असला, तर मुलांचा हात घट्ट धरून त्याला वळसा घालतो. त्याच मुलांकडून आम्ही तासाभरापूर्वी दयाळू शोमरोन्याचा दाखला पाठ करून घेतलेला असतो.

आमच्या शहराला फौजेचे वावडे नाही. इथल्या मुख्य वस्तीचे नावच लष्कर. शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, त्यावरून ते पडले. शेजारच्या भिंड आणि मुरैना जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले सैन्यात जातात. सुटीवर आलेल्या फौजीच्या पिशवीतली रमची बाटली गावाला कौतुकाची वाटते. पण निवृत्तीनंतर तोच माणूस रात्री दचकून उठू लागला, आवाज झाला की थरथरू लागला, झोप यावी म्हणून पिऊ लागला, बायकोमुलांवर धावून जाऊ लागला आणि एक दिवस घराबाहेर पडला, की त्याचे नाव बदलते. कालचा ‘फौजीसाहेब’ आज ‘बेवडा’ होतो.

मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडून पाहा. थडग्यांत राहणारा, रात्रंदिवस ओरडणारा, दगडांनी स्वतःला ठेचून घेणारा माणूस. गावाने त्याला साखळदंडांनी बांधून पाहिले, त्याने ते तोडले. प्रभूने त्याला आधी नाव विचारले. उत्तर आले, सैन्य. मूळ ग्रंथात तो शब्द लीजन असा आहे, रोमी फौजेच्या तुकडीचे नाव. एका माणसाच्या आत अख्खी फौज धुमाकूळ घालत होती. प्रभूने ‘आधी शुद्धीवर ये, अंग धू, मग माझ्याकडे ये’ असे म्हटले नाही. तो होता तसा समोर आला आणि तसाच स्वीकारला गेला. शुद्धीवर येणे नंतर घडले.

आपण मात्र अट घालतो. ‘दारू सोड, मग बघू.’ ही अट धार्मिक वाटते, पण ती शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे आणि वैद्यकशास्त्राच्याही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येतात, भास होतात, प्रसंगी जीवही जातो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटते. म्हणजे उपचारांच्या दारात उभे राहून ‘आधी बरा हो’ म्हणण्यासारखेच हे झाले.

‘प्रार्थनेने बरा होईल,’ असे काही जण म्हणतात. प्रार्थना जरूर करा, आम्हीही करतो. पण पौलाचा लाडका सोबती लूक हा वैद्य होता, हे विसरू नका. ‘पैसे दिले तर पिऊन टाकेल,’ असेही म्हणतात. खरे आहे. म्हणून पैसे देऊ नका, वेळ द्या. तो अधिक महाग आहे, आणि बहुधा म्हणूनच आपण नाणे टाकून मोकळे होतो. ‘तो आपल्यातला नाही,’ असे कोणी म्हणालेच तर त्याला एवढेच विचारा, जखमी माणसाला उचलणारा शोमरोनी कोणातला होता?

आता काय करायचे, ते सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या व्यसनाशी जोडलेले मनाचे विकारही मानसिक आजारांतच धरले आहेत. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा असा रुग्ण रस्त्यावर भटकताना आढळला, तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे असते. कोठडीत टाकता येत नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा असतो. निराधाराला सरकारी उपचार मोफत मिळतात, दारिद्र्यरेषेचे कार्ड नसले तरी. ग्वाल्हेरात तर सरकारी मानसिक आरोग्यशाळाच आहे. 14416 या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास फुकट सल्ला मिळतो. माणूस माजी सैनिक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. त्याच्या निवृत्तिवेतनाची, आरोग्य योजनेची कागदपत्रे कुठेतरी धूळ खात असतील. तो एकटा हे करू शकत नाही. दोन धर्मग्रामस्थ त्याच्यासोबत रांगेत उभे राहिले तर हे होते.

आणि हे जमते, याचे दाखले आपल्या महाराष्ट्रातच आहेत. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून 1981 मध्ये फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. आपण स्वतः व्यसनातून बाहेर आलो, हे त्या धर्मगुरूंनी कधी लपवले नाही. मुंबईत डॉ. भरत वाटवानी यांना एक तरुण करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला. चौकशीअंती तो विज्ञानाचा पदवीधर निघाला. पुढे त्यांच्या श्रद्धा संस्थेने कर्जतच्या केंद्रातून रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोहोचवले. 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फुटपाथवरच्या प्रत्येकाला कधीतरी नाव होते, हे या दोघांनी मानले. कोणी हाक मारण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. तो माणूस पळून जाईल. पुन्हा पिईल. तुम्हाला शिव्या देईल. तेव्हा शोमरोन्याकडे पाहा. त्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत पोहोचवले, दोन दिनार मोजले, आणि ‘परत येईन तेव्हा वरचा खर्च भरीन’ असे सांगून गेला. आपण दाखल्याचा पहिला अर्धा भाग पाळतो. परत येणे विसरतो. खरी प्रीती दुसऱ्या फेरीत कळते, आणि पाचव्या फेरीतही.

गरसेकरांच्या गावाने काय केले, तेही ऐका. तो माणूस वस्त्रे नेसून शुद्धीवर बसलेला पाहिला आणि त्यांनी येशूलाच गावातून जाण्याची विनंती केली. त्यांना डुकरे बुडाल्याचे दुःख मोठे होते. आपल्या धर्मग्रामाला आपली स्वच्छ फरशी मोठी वाटू लागली, तर आपणही तीच विनंती करत आहोत.

येत्या रविवारी फाटकाशी जो कोणी असेल, त्याला वळसा घालू नका. खाली बसा आणि नाव विचारा. मग दोघे मिळून त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

हे प्रभो, तू आम्हांला नावाने हाक मारलीस. ज्यांची नावे आम्ही विसरलो, ती विचारण्याची लाज आणि धीर आम्हांला दे. आमेन.