सांभाळून कोणी घ्यायचं?

माझ्या मुलाला शाळेत छळलं की शाळा मला सांगते, ‘ताई, पोरं आहेत, सांभाळून घ्या.’ तोच मुलगा प्रार्थनेच्या वेळी लाउडस्पीकर खरखरला की कानांवर हात ठेवतो, तेव्हा सांभाळून घ्यायला कोणी तयार नसतं. तेव्हा सगळ्यांना शिस्त आठवते. ज्याने कोणाला दुखावलं नाही त्याला शिक्षा, आणि दुखावणाऱ्यांसाठी समजूतदारपणा, असा हा कारभार आहे आणि मला तो संतापजनक वाटतो.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. स्वमग्न आहे. वाशिम जिल्ह्यातल्या एका शाळेत आठवीत शिकतो. ऐकलेलं वाक्य तो जसंच्या तसं, त्याच सुरात बोलून दाखवतो: बसस्टँडवरची घोषणा, भाजीवाल्याची हाळी, बातम्या देणाऱ्या बाईचा नमस्कार. गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत वर्गातल्या चार पोरांनी त्याला एक वाक्य पाठ करून दिलं. ते इथे लिहिण्याजोगं नाही. ‘मॅडमला म्हणून दाखव, मॅडम खूश होतात,’ असं त्याला सांगितलं. पुढच्या तासाला मॅडम फळ्याकडून वळल्या तेव्हा हा उभा राहिला, ते वाक्य स्पष्ट उच्चारात म्हणाला आणि हसला. मॅडम खूश होणार होत्या ना!

मला फोन आला. मी पोहोचले तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलावर कोरा कागद तयार होता. ‘वर्गात असभ्य वर्तन केल्याबद्दल’ असा मजकूर मला सांगण्यात आला आणि माझ्याकडूनच लिहून घेण्यात आला. खाली मुलाची सही. त्याला स्वतःचं नाव लिहायला आवडतं. त्याने ते मोठ्या अक्षरांत, काना-मात्रा नीट देऊन लिहिलं आणि शाबासकीसाठी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे वाक्य त्याला शिकवलं कोणी, असं मी विचारलं. ‘ते आम्ही बघू.’ आजपर्यंत कोणी बघितलेलं नाही. मला ते कळलं मागच्या बाकावरच्या एका मुलीमुळे. तिने घरी आईला सांगितलं आणि त्या आईने संध्याकाळी माझ्या दारात येऊन मला सांगितलं. अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

माझा मुलगा चुकतच नाही, असं मी म्हणत नाही. तो समोरच्याच्या फार जवळ जाऊन उभा राहतो. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या पानातली जिलेबी उचलतो. घरी आलेल्या पाहुण्याला, तुमच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो, असं सांगून मोकळा होतो. हे वागणं चारचौघांत चालत नाही, हे मला कळतं आणि ते मी त्याला रोज शिकवते. हातभर अंतर ठेवायचं, विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, वासाबद्दल बोलायचं नाही. शिक्षकांनीही त्याला टोकावं. सूट मागायला मी शाळेत जात नाही. पण जिलेबी उचलणाऱ्या मुलाला नियम माहीत नसतो, आणि घाणेरडं वाक्य पढवणाऱ्या मुलाला तो पक्का माहीत असतो. पहिल्याला शिकवायला वेळ आणि धीर लागतो. दुसऱ्याला थांबवायला फक्त मोठ्या माणसांची इच्छा लागते. नेमकी तीच आपल्याकडे नाही.

त्या चौघांतला म्होरक्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करतो. पाहुणे आले की वाकून नमस्कार करतो. बाई कधी वळतील, कोणासमोर किती बोलायचं, पकडलो तर चेहरा कसा करायचा, हे त्याला बरोबर समजतं. समाजात वावरायची अक्कल त्याच्याकडे भरपूर आहे आणि ती तो शिकारीसाठी वापरतो. शाळा त्याला ‘चुणचुणीत’ म्हणते. छळणारं पोर बिघडलेलं, घरी मार खाणारं, अभ्यासात मागे पडलेलं असतं, अशी आपली समजूत आहे. ती सोयीची आहे, कारण तिच्यामुळे चांगल्या घरातल्या चांगल्या पोरांकडे बोट दाखवावं लागत नाही.

नॉर्वेमध्ये डॅन ओल्वेउस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या विषयाला आयुष्य वाहिलं. तिथे काही मुलांनी छळाला कंटाळून जीव दिला, तेव्हा 1983 मध्ये सरकारने देशभर शाळांमध्ये मोहीम उघडली आणि ओल्वेउस यांनी त्यासाठी कार्यक्रम आखला. मस्करी आणि छळ यांतला फरक त्यांनी तीन खुणांवरून ओळखायला सांगितला: हेतू दुखावण्याचा आहे का, पुन्हा पुन्हा होतंय का, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी आहे का. या तीन खुणा कोणत्याही शिक्षकाने कोणत्याही वर्गाला लावून पाहाव्यात. चार जण, एकाच्या मागे, वर्षभर, आणि त्या एकाला काय चाललंय हेच उमगत नाही. यात मस्करी कुठे बसते?

आता कायद्याचं. रॅगिंग म्हटलं की आपल्याला मेडिकल, इंजिनिअरिंगची होस्टेलं आठवतात. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या वाशिमलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अशा महाविद्यालयांत प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याकडून आणि पालकाकडून रॅगिंगविरोधी हमी लिहून घेतात. पण महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा 1999 चा आहे आणि त्यात शैक्षणिक संस्थेची व्याख्या महाविद्यालयापुरती नाही. शिक्षण देणारी कोणतीही संस्था, तिचं वसतिगृह, अनाथाश्रम, शिकवणी वर्गसुद्धा त्यात येतात. रॅगिंगमध्ये काय मोडतं? विद्यार्थ्याला चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं, त्याची टिंगल करणं, आणि जे तो एरवी आपणहून करणार नाही ते त्याच्याकडून करवून घेणं. माझ्या मुलाकडून जे वदवून घेतलं ते या शेवटच्या कलमात तंतोतंत बसतं.

पुढचं कलम मुख्याध्यापकांनी लक्ष देऊन वाचावं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने 7 दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. आणि प्रमुखाने हे केलं नाही, टाळाटाळ केली, तर त्याने त्या गुन्ह्याला चिथावणी दिली असं कायदा धरतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, आणि दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणाऱ्याला 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत कैद आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलाचा मानसिक छळही निषिद्ध केला आहे. मला तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना पोलीस ठाण्यात बसलेलं पाहायचं नाही. अल्पवयीन मुलांसाठी वेगळी व्यवस्था आहे आणि ती असावीच. पण गुन्हा म्हणण्याइतकी ही गोष्ट गंभीर आहे असं विधिमंडळाने आणि संसदेने ठरवल्यानंतर, ‘लेकराईचं काय मनावर घेता’ असं मला सांगण्याचा अधिकार शाळेला कोणी दिला?

बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने पुन्हा बजावलं: सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी ठेवा, विद्यार्थी सुरक्षा समिती नेमा. पेटी मी बऱ्याच शाळांत पाहिली. कार्यालयाच्या दाराशेजारी, शिपायाच्या नजरेसमोर टांगलेली असते. मोठ्या मुलांनाही तिथे चिठ्ठी टाकायचं धाडस होत नाही. आणि माझा मुलगा काय लिहून टाकणार? त्याच्या लेखी ते चौघं त्याचे मित्र आहेत. तो घरी त्यांची नावं आनंदाने घेतो. ज्याला आपला छळ होतोय हे सांगता येत नाही, त्याच्या वतीने पाहणं हे मोठ्यांचं काम आहे. ते पेटीवर ढकलता येत नाही.

तक्रार नीट सांगता येणाऱ्यांचंही आपण काय केलं? डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली मुलगी. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी तिने वसतिगृहाच्या खोलीत जीव दिला. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे. त्याआधी आपण रुग्णालयाकडे तक्रार केली होती, असं तिची आई आबेदा तडवी सांगत आली आहे. खटल्याचा निवाडा न्यायालय करेल. पण दारात आलेल्या आईचं बोलणं त्या दिवशी ऐकायचं असतं, हे कळायला कुठल्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. नंतर हीच आई, हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुलाच्या आईबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेली, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी. मोठी झालेली, डॉक्टर झालेली, डोकं शाबूत असलेली माणसं जे करतात त्याची तालीम शाळेतल्या मधल्या सुट्टीत झालेली असते.

पोरं हे शिकतात कुठे? आपल्यातच. जिल्ह्यातलं कोणतंही बसस्टँड घ्या, कोणताही पार घ्या. तिथे एखादा मतिमंद किंवा भ्रमिष्ट माणूस असतो. कटिंग चहासाठी त्याला सलाम ठोकायला लावतात, वरातीत डीजेपुढे नाचवतात, त्याचा व्हिडिओ काढतात. काढणारे बाप असतात, काका असतात, सरपंचाचे भाऊ असतात. शेजारी उभं राहून लेकरू बघतं आणि हसतं, कारण सगळे हसताहेत. घरी लंगड्या, चकण्या, बह्याड याच नावांनी माणसांची ओळख करून दिली जाते. मग तेच लेकरू वर्गात येऊन आपला बह्याड शोधतं. त्याला तो सापडतो.

आणखी एक गोष्ट आम्हा पालकांच्या माथी आली आहे. जुलै 2024 मध्ये परिविक्षाधीन अधिकारी पूजा खेडकर यांची पुण्याहून वाशिमला बदली झाली, त्यांच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून वाद पेटला आणि 31 जुलैला केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली. त्या प्रकरणाशी आमचा संबंध नाही. पण तेव्हापासून इथे मुलाचं दिव्यांग कार्ड काढून दाखवलं की समोरचा आधी कार्डाकडे, मग मुलाकडे बघतो आणि विचारतो, ‘दिसाले तं चांगला दिसते?’ दिसायला चांगला आहे म्हणून सवलत संशयास्पद, आणि वागायला वेगळा आहे म्हणून शाळेत नकोसा. त्याने राहायचं तरी कुठे?

पालकसभेत एका वडिलांनी मागणी केली की याला वेगळ्या शाळेत घाला, आमच्या मुलांच्या अभ्यासावर परिणाम होतो. टाळ्या पडल्या नाहीत, पण माना हलल्या. त्या वडिलांना मी तिथेच उत्तर दिलं आणि इथेही देते. माझ्या मुलाने तुमच्या मुलाचा अभ्यास बुडवल्याचा एक दाखला द्या. तुमच्या मुलाने माझ्या मुलाच्या कानाशी ओरडून तो कसा थरथरतो हे इतरांना करून दाखवल्याचे दाखले माझ्या वहीत तारखेसकट आहेत. वर्गातून कोणाला हलवायचंच असेल तर कोणाला, हे त्या तारखा वाचून ठरवा. तो इथेच शिकेल. मराठी त्याला येते, गणितात तो वर्गात पुढे आहे, आणि ही शाळा जितकी तुमची तितकीच त्याची आहे.

शाळेकडून मला काय हवं, तेही सांगते. त्या चौघांच्या आईवडिलांना माझ्यासारखंच त्याच खोलीत, त्याच टेबलासमोर बोलावलं पाहिजे. वर्गशिक्षकांनी अख्ख्या वर्गासमोर स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे की घडलं ते चूक होतं आणि चूक कोणाची होती. ज्या मुलीने घरी सांगितलं तिचं नाव फुटता कामा नये. माझ्या मुलाचा तो माफीनामा दप्तरातून काढून मला परत मिळाला पाहिजे. मधल्या सुट्टीत वर्गाकडे फिरकणारा एक शिक्षक हवा, आणि समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांना बोलावून, याच्याशी कसं बोलायचं हे मुलांना एकदा नीट समजावून दिलं पाहिजे. यातल्या कशालाही वेगळा निधी लागत नाही.

हे सारं मी तारखा घालून लेखी अर्जात मांडलं आहे. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे दिला आहे आणि आवक क्रमांकासह पोच घेतली आहे. प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिली आहे. आठव्या दिवशी सकाळी मी उत्तर मागायला कार्यालयात जाणार आहे. उत्तर नसेल तर तिथून थेट पोलीस ठाण्यात, आणि तेव्हा तक्रारीत पहिलं नाव पोरांचं नसेल.